रंगाआधी उजेड पाहा
खोलीला पिवळसर, उबदार रंग द्यावा की निळसर, शीतल, हे नुसत्या शेडकार्डावरून ठरवणं मला पटत नाही. भिंत शेवटी तिच्यावर पडलेला उजेडच परतवते. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात फिकट निळी भिंत उदास दिसते, बदामी खुलते. रात्री हिशेब पुन्हा बदलतो: २७०० केल्विनचा दिवा पिवळट, ६५०० चा निळसर. कुणी म्हणेल, निळ्या रंगाने उकाडा तरी कमी होतो. तसा भास होत असेलही, पण आतल्या भिंतीच्या छटेने खोलीचं तापमान फारसं बदलत नाही. त्यासाठी गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप हवा. डबा घेण्याआधी नमुन्याचा पट्टा भिंतीवर मारावा आणि सकाळी, दुपारी, दिव्याखाली पाहावा.