दोन आलेख सारखे, म्हणून काय झाले?

बंद वर्गात एक मुलगा मोठ्याने पाढे म्हणत आहे. बाहेर दोन खिडक्यांशी उभे असलेले दोघे जण ऐकलेले लिहून घेतात. दोघांच्या वह्या सारख्याच निघतील. त्यावरून 'आत दोन मुले एकमेकांशी बोलत होती' असे कोणी म्हटले, तर आपण हसू. मेंदूच्या अभ्यासात मात्र ही चूक सहज होते.

जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी प्रथम नोंदल्या. या आलेखाला ईईजी म्हणतात. डोक्यावरील निरनिराळ्या विद्युत अग्रांपाशी विभवांतर मोजतात. ते जेमतेम काही दशक मायक्रोव्होल्ट असते. दोन अग्रांचे आलेख सारखे चढउतार दाखवू लागले, की त्यांखालचे मेंदूचे भाग 'जोडलेले' आहेत असे मानण्याचा मोह होतो.

पण मेंदू, त्याभोवतीचा द्रव, कवटी आणि त्वचा कमीअधिक प्रमाणात विद्युतवाहक आहेत. त्यामुळे एकाच जागी उगम पावलेली लहर पसरून अनेक अग्रांवर जवळजवळ एकाच क्षणी उमटते. म्हणजे मुलगा एकच, खिडक्या अनेक!

दुसरी अडचण संदर्भबिंदूची. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमधले असते. म्हणून सर्व अग्रांसाठी एखादा समान बिंदू, उदाहरणार्थ कान, निवडतात. याचा परिणाम वर्गात करून पाहा. तांबडा, हिरवा व पांढरा असे तीन फासे चाळीस वेळा टाका. दर वेळी 'तांबडा वजा पांढरा' आणि 'हिरवा वजा पांढरा' या संख्या काढून आलेखावर ठिपके मांडा. तांबड्याचा हिरव्याशी काही संबंध नसतानाही ठिपके तिरप्या पट्ट्यात जमतील. सहसंबंध सुमारे ०.५ येईल. तो पांढऱ्या फाशाने निर्माण केला!

मोजणी दुसऱ्या दिवशी पुन्हा केली तर? उत्तर तेच येईल, कारण कवटी तीच आहे. पन्नास ग्रॅम कमी दाखवणारा तराजू रोज तेच वजन दाखवतो. म्हणून ते खरे ठरत नाही.

यावर गीडो नोल्टे व सहकाऱ्यांनी २००४ साली एक उपाय सुचवला. मज्जातंतूंतून निरोप पोहोचायला काही मिलिसेकंद लागतात. विद्युत पसरणीला वेळ लागत नाही म्हटले तरी चालेल. तेव्हा सारखेपणाचा जो भाग मागेपुढे घडतो, तेवढाच धरायचा. यात एकाच क्षणी घडणारे खरे संबंध निसटतात. शिवाय एका खऱ्या संबंधाची छाया शेजारच्या अग्रांवरही पडतेच.

ईईजी निरुपयोगी आहे असे नाही. अपस्माराच्या निदानात त्याचे मोल मोठे आहे. पण रंगीत रेषांचा नकाशा दाखवून 'या मुलाच्या मेंदूतील जोडण्या कच्च्या आहेत' असे कोणी म्हणाले, तर तीन प्रश्न जरूर विचारा. नोंद किती वेळ घेतली? संदर्भबिंदू बदलला तरी निष्कर्ष टिकतो का? आणि एकाच क्षणी दिसणारा सारखेपणा वगळल्यावर काय उरते? उत्तरे मिळेपर्यंत त्या मुलावर शिक्का मारू नये.