लाकडी तुकड्यांतून उभा राहणारा महाराष्ट्र

पातळ फळीवर चित्र चिकटवावयाचे, बारीक करवतीने त्याचे वेडेवाकडे तुकडे करावयाचे आणि ते पुन्हा जागच्या जागी बसवून चित्र पुरे करावयाचे, हा खेळ ‘जिगसॉ’ या नावाने आज घरोघरी परिचित आहे. दुकानात मिळणारी पुठ्ठ्याची कोडी पाहता हा फावल्या वेळेचा विरंगुळा असावा असे वाटते. त्याचा जन्म मात्र अभ्यासासाठी झाला, आणि तोही भूगोलाच्या.

जॉन स्पिल्सबरी हा लंडनमधील नकाशे कोरणारा कारागीर. १७६० नंतरच्या दशकात त्याने महोगनीच्या पातळ फळ्यांवर नकाशे चिकटवून ते देशांच्या व परगण्यांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकविण्याचे साधन म्हणून विक्रीस ठेवले. १७६९ साली, ऐन तिशीत, तो निवर्तला. कल्पना मात्र टिकली. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या मुलांची देखभाल करणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडे अशा कापलेल्या नकाशांचे एक कपाटच होते व ते ब्रिटनमध्ये आजही जतन केलेले आहे.

या आरंभीच्या नकाशांची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांचे तुकडे एकमेकांत अडकत नसत. आजच्या कोड्यांना असतात तसे गोल कान आणि खाचा त्यांना नव्हत्या. जेथे सीमा तेथेच काप. त्यामुळे प्रत्येक तुकडा म्हणजे एक प्रदेश असे आणि त्या प्रदेशाचा आकार मुलाच्या बोटांना कळत असे. पुढे चित्रांची कोडी निघाली. १९०८-०९ च्या सुमारास अमेरिकेत त्यांचे वेडच पसरले. १९३० नंतरच्या मंदीत काम गमावलेल्या अनेक कारागिरांनी घरी बसून लाकडी कोडी कापली आणि ती वाचनालयांतून व औषधांच्या दुकानांतून भाड्याने दिली जाऊ लागली. त्याच काळात साच्याने ठोकून काढलेली पुठ्ठ्याची स्वस्त कोडी आली व खेळ सर्वांच्या आवाक्यात आला. पण साच्याला चित्रात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. तो घोड्याचे डोके आणि आकाशाचा निळा भाग एकाच तुकड्यात टाकतो. असे कोडे चिकाटी शिकवते, नजर तीक्ष्ण करते. विषय शिकवीत नाही. कापण्याची रेषा अर्थाच्या रेषेवरून गेली तरच तुकडा स्वतः काही सांगू लागतो. हाताने कापलेल्या लाकडी नकाशाचे मोल या एका गोष्टीत आहे, आणि महाराष्ट्राच्या नकाशाला तर ते विशेष लागू पडते.

जिल्हे वाढले, काप वाढले

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा जिल्हे २६ होते. आज ते ३६ आहेत. हे दहा जिल्हे कोठून आले, हे पाठ्यपुस्तकातील कोष्टकावरून पाठ करणे मुलांना जड जाते. हातात करवत असली तर तोच इतिहास नकाशावर घडवून दाखविता येतो.

समजा, १९६० सालचा २६ तुकड्यांचा नकाशा कापून तयार आहे. १९८१ साली रत्नागिरीचा लांबट तुकडा घ्यावयाचा आणि दक्षिणेकडे एक काप देऊन सिंधुदुर्ग वेगळा करावयाचा. १९८२ साली उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली. १९९० साली बृहन्मुंबईचे मुंबई शहर व मुंबई उपनगर असे दोन भाग. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार, अकोल्यातून वाशिम. १९९९ साली परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. आणि २०१४ साली ठाण्यातून पालघर. प्रत्येक वेळी एक तुकडा, एक काप. अपवाद जालन्याचा. १९८१ साली झालेल्या या जिल्ह्याचा बहुतेक भाग तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून आला, पण परतूर तालुका परभणीतून आला. तेथे नुसत्या करवतीने भागत नाही. दोन तुकड्यांतून कापून काढलेले भाग सरसाने सांधावे लागतात. जिल्हानिर्मिती म्हणजे नकाशावर ओढलेली एक रेघ नव्हे, हे मुलाला येथे आपोआप उमगते.

काही बदलांना करवत लागतच नाही. १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. २०२३ साली औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली आणि २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर. तेथे तुकडा तोच राहतो, फक्त वरची चिठ्ठी बदलते. म्हणूनच नावे तुकड्यावर कायमची कोरण्यापेक्षा चिकटविलेली बरी.

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने जो आराखडा मांडला, त्यात मूलोद्योग म्हणून सूतकताई-विणकाम व शेती यांच्याबरोबर सुतारकामालाही स्थान होते. उद्योगाचा इतर विषयांशी मेळ घालावयाचा, हे त्या योजनेचे सूत्र. सुतारकामाचा मेळ गणिताशी सहज बसतो, भूगोलाशी कसा घालावा असा प्रश्न शिक्षकांना पडत असे. कापलेला नकाशा हे त्याचे एक सरळ उत्तर आहे.

साहित्य व कृती

या कामासाठी लागणारी फ्रेट-सॉ, म्हणजे जाळीकामाची करवत, अगदी साधी असते. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची लोखंडी चौकट, तिला मूठ आणि दोन टोकांत ताणून बसविलेले सुमारे १३ सेंटिमीटर लांबीचे केसासारखे बारीक पाते. पात्यांना क्रमांक असतात. पातळ प्लायवूडच्या नाजूक कामासाठी २ किंवा त्याहून बारीक क्रमांकाचे पाते घ्यावे. पाती डझनावारी घ्यावीत, कारण ती मोडतात. नवशिक्याची तर फारच मोडतात. त्यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

लाकूड म्हणून चांगल्या प्रतीचे ५ ते ६ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड उत्तम. अखंड फळी दिसावयास देखणी असते, पण तिचे तंतू एकाच दिशेने जातात आणि अरुंद भाग त्या दिशेने तडकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गासारखे किनाऱ्यालगतचे निमुळते तुकडे सागाच्या फळीत फार दिवस टिकणार नाहीत. प्लायवूडमध्ये एकाआड एक थरांचे तंतू आडवे-उभे असल्याने हा धोका टळतो.

नकाशा अधिकृत असावा, हे अगत्याचे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच सीमा उतरून घ्याव्यात. जाहिरातीच्या दिनदर्शिकेवरील नकाशा या कामाचा नव्हे. महाराष्ट्राचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे ८०० किलोमीटर आहे. नकाशाची रुंदी ६० सेंटिमीटर धरली तर एका सेंटिमीटरात साधारण १३ किलोमीटर येतात आणि भोवतीच्या चौकटीसह ७० सेंटिमीटर लांब व ६५ सेंटिमीटर रुंद तक्ता पुरतो. कोकण किनाऱ्यावरील प्रत्येक खाडी या मापात दाखविता येत नाही. मोठ्या खाड्या ठेवून बाकीचा किनारा सौम्य करावा.

कापण्यास आरंभ करण्यापूर्वी पात्याचे दाते खाली, मुठीकडे वळलेले आहेत ना हे पाहावे. करवत खाली ओढताना कापते, वर नेताना नाही. पाते इतके ताणावे की बोटाने छेडले असता तारेसारखा खणखणीत नाद यावा. मेजाच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराची खाच असलेली एक फळी पक्की आवळून बसवावी आणि त्या खाचेवर तक्ता ठेवून कापावे. करवत एकाच जागी सरळ खालीवर होत राहते. फिरवावयाचा तो तक्ता. टोकदार कोपऱ्यावर करवत थांबवू नये. ती पुढे न रेटता तेथल्या तेथे चालू ठेवून तक्ता हळूहळू वळवावा, म्हणजे पाते पिळून तुटत नाही.

करवत उभीच राहिली पाहिजे. ती जरा कलली तर काप तिरका होतो आणि तुकडा वरून बसतो तर खालून निघत नाही, किंवा उलट. शेजारच्या चार जिल्ह्यांत अडकून बसलेला असा तुकडा मूल ओढून काढते आणि त्याचे टोक मोडते. यंत्राचा खरा फायदा येथेच दिसतो. विजेवर चालणाऱ्या स्क्रोल-सॉमध्ये पाते दोन भुजांमध्ये उभे ताणलेले असते, मिनिटाला सुमारे ४०० ते १,८०० फेऱ्या मारते आणि दोन्ही हात तक्ता फिरविण्यास मोकळे राहतात. तरीही पहिला नकाशा हातानेच कापावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लाकूड कोठे विरोध करते, पाते कोठे भरकटते, हे हाताला आधी कळले म्हणजे यंत्राच्या वेगाची भीती उरत नाही.

कापण्याचा क्रम महत्त्वाचा. प्रथम राज्याच्या बाह्य सीमेवर एके ठिकाणी गिरमिटाने बारीक छिद्र पाडावे, पाते एका टोकाने सोडवून त्यातून ओवावे आणि सीमेवरून संपूर्ण फेरा पुरा करावा. भोवतीची चौकट अखंड राहते. तिच्या पाठीशी पातळ तक्ता चिकटविला की कोडे ठेवण्याची तबकडी तयार होते. नंतर सुटा झालेला नकाशा कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती व नागपूर या सहा महसुली विभागांच्या सीमांवरून कापावा आणि मगच एकेका विभागाचे जिल्हे वेगळे करावेत. याचे कारण करवतीच्या चौकटीतच आहे. नेहमीच्या करवतीची खोली ३० सेंटिमीटरच्या आसपास असते व मोठ्या तक्त्याच्या मध्यापर्यंत ती जेमतेम पोहोचते; विभाग सुटे झाले की हात मोकळा होतो. दुसरा लाभ शिक्षकाला होतो. तिसरी-चौथीच्या मुलास एकच विभाग देता येतो, मोठ्यास सबंध राज्य.

सर्व तुकडे झाले की कडा बारीक पॉलिश-कागदाने हलक्या हाताने घासाव्यात. फार घासल्यास सीमा बदलते! शेवटी स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचे दोन हात द्यावेत. रंग वापरावयाचा असल्यास शिसेविरहित असल्याची खात्री करूनच घ्यावा.

दृष्टिहीन मुलांसाठी

छापील नकाशा ज्यांना वाचता येत नाही, त्या मुलांना या साधनाचा सर्वांत अधिक उपयोग आहे. त्यांच्यासाठी तुकड्यांवर चित्र नको, स्पर्श हवा. गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी यांच्या मार्गावर सुतळी सरसाने चिकटवावी, म्हणजे नदी एका जिल्ह्याच्या तुकड्यावरून दुसऱ्यावर गेलेली बोटाला सलग लागते. जिल्ह्याच्या ठाण्याच्या जागी लहान छिद्र पाडावे. प्रत्येक तुकड्याची उत्तरेकडील बाजू कोणती हे कळावे म्हणून तेथे वरच्या कडेला कानशीने एक बारीक खूण करावी, अन्यथा मूल तुकडा उलटसुलट फिरवीत बसते. नावे ब्रेलमध्ये चिकटविता येतात. सह्याद्रीची रांग दाखविण्यासाठी प्लायवूडचा दुसरा अरुंद थर चढविला तर कोकण आणि देश यांतील फरक सांगावा लागत नाही.

काही आवश्यक दक्षता

लाकडाचा भुसा निरुपद्रवी समजला जातो, तसा तो नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश मानवास कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत केला आहे. हौशी कारागिराचा संपर्क कारखान्यातील कामगारापेक्षा पुष्कळ कमी, हे खरे; तथापि काम हवेशीर जागी करावे, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी आणि भुसा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. रेषेवरचा भुसा फुंकून उडविण्याची सवय तर प्रत्येकालाच लागते. ती मोडावी.

दुसरी दक्षता तुकड्यांच्या आकाराची. वर सांगितलेल्या मापात अहिल्यानगर हा सर्वांत मोठा जिल्हा ९५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतो, तर मुंबई शहर जिल्हा जेमतेम एक चौरस सेंटिमीटरही होत नाही. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी जी मानके आहेत त्यांत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्णपणे मावणारा तुकडा तीन वर्षांखालील मुलांस धोक्याचा मानला जातो, कारण तो घशात अडकू शकतो. घरात लहान मूल असेल तर मुंबईचे दोन्ही जिल्हे ठाण्याच्या तुकड्याला जोडूनच ठेवावेत व त्यांच्या सीमा नुसत्या कोराव्यात. मोठ्या मुलांच्या संचात ते वेगळे कापून त्यांना उचलण्यासाठी लाकडी गुंडी बसविता येते.

विक्रीचा विचार असणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी भारतीय मानक चिन्ह बंधनकारक झाले. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी केलेल्या वस्तूंना या आदेशात सूट देण्यात आली. नोंदणीचा लाभ पूर्णवेळ कारागिरांइतकाच घरगुती उद्योग करू पाहणाऱ्यांनाही आहे. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे व खेळणी महाराष्ट्राबाहेरही ओळखली जातात. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडावर चाललेला तो उद्योग मुख्यतः कातकामाचा व रंगकामाचा आहे. कापीव कोड्यांची त्यात भर पडावयास जागा आहे.

शाळेत कितीही जपले तरी तुकडे हरवतात. पुठ्ठ्याचे कोडे एक तुकडा गेला की बाद होते. लाकडी नकाशात हरवलेल्या जिल्ह्याच्या शेजारचे सर्व तुकडे नव्या प्लायवूडवर घट्ट जुळवून ठेवावेत, मध्ये राहिलेली मोकळी जागा टोकदार पेन्सिलीने आतून आखून घ्यावी आणि त्या रेषेच्या किंचित बाहेरून कापावे. नंतर कानशीने थोडे थोडे घासत तुकडा जागेवर बसवावा.