मोफत आणि मुक्त : गिम्पविषयी
मोफत फोटो-संपादक म्हणजे महिन्याभराने बंद पडणारी किंवा चोरून उतरवलेली प्रत, असा समज सर्रास आढळतो. परंतु १९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी आरंभलेले गिम्प हे मुक्त सॉफ्टवेअर (ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते असा प्रोग्रॅम) असून, शेजारणीने पुरणपोळीबरोबर तिची कृतीही लिहून द्यावी तसे ते मिळते आणि त्याची मुदत संपत नाही. नवशिक्याची खरी अडचण निराळीच असते: ‘सेव्ह’ केल्यावर थर (चित्राचे स्वतंत्रपणे बदलता येणारे पापुद्रे) जपणारी एक्ससीएफ फाइल तयार होते, जी फोटो स्टुडिओत बहुधा उघडत नाही, म्हणून छपाईसाठी ‘एक्स्पोर्ट’ करून जेपेग काढावी लागते. केवळ कडा कातरून उजेड वाढवायचा असेल, तर विंडोजमधील ‘फोटोज’ पुरते, आणि सुरुवात त्यानेच करणे श्रेयस्कर.