सेकंडहँड गाडी घेताय? टोकन देण्याआधी एवढं बघाच!

दोन-तीन लाखांचं बजेट असेल तर जुनी वॅगन आर किंवा सँट्रो बघा. मेकॅनिक कुठेही मिळतो, पार्टही परवडतात. पण पॉलिशला भुलू नका.

🔹 गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. असा सौदा सोडा.

🔹 सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या पट्ट्यावर वाळलेला गाळ किंवा पाण्याची रेघ दिसली, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. सांगली-कोल्हापूर (२०१९) आणि चिपळूण (२०२१) आठवा.

🔹 मीटर ३० हजार किलोमीटर दाखवतंय, पण क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत? मीटर मागे फिरवलेलं असण्याची दाट शक्यता.

🔹 टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय.

🔹 एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी, विमा, पीयूसी तपासा. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. थकलेली ई-चलानं मालकाकडूनच भरून घ्या.

🔹 फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की काम संपत नाही. आरटीओत ट्रान्सफर करून घ्या. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

टायर, बॅटरी, सर्व्हिसिंगसाठी थोडे पैसे राखून ठेवा. आणि आरसीवर नाव चढेपर्यंत पूर्ण रक्कम हातात देऊ नका!