आसऱ्याच्या गावातून नाहीसे (लेखांक ५)

मोरोक्कोचे विरोधी पुढारी मेहदी बेन बर्का १९६५ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावरून भरदिवसा उचलले गेले, ती हकीकत गेल्या आठवड्यात आली. तो कट कितीही खोल असला तरी एका माणसापुरता होता. दहा वर्षांनी दक्षिण अमेरिकेतल्या सरकारांनी तेच काम खातं उघडून करायला घेतलं.

१९७३ च्या जूनमध्ये उरुग्वेत आणि सप्टेंबरात चिलीत लोकशाही बुडाली. पॅराग्वेत हुकूमशहा स्ट्रोसनर १९५४ पासून ठाण मांडून होता, बोलिव्हियाही लष्कराच्या मुठीत. जीव घेऊन निघालेल्या कामगार पुढाऱ्यांना, विद्यार्थ्यांना, खासदारांना ब्यूनस आयर्स जवळचं होतं. भाषा तीच आणि माँटेव्हिडिओहून तर मध्ये फक्त नदीचं रुंद मुख. पुढे २४ मार्च १९७६ ला अर्जेंटिनातही लष्कर सत्तेवर आलं आणि या माणसांना जायला जागा उरली नाही.

सापळा मात्र आधीच लावून झाला होता. नोव्हेंबर १९७५ मध्ये चिलीच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख मान्युएल कॉन्त्रेरास याने शेजाऱ्यांच्या हेरखात्यांची सान्तियागोत बैठक बोलावली. चिली, अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि बोलिव्हिया सामील झाले. ब्राझील मागाहून आलं. मोहिमेला नाव दिलं कॉन्डोर, अँडीजवर घिरट्या घालणारं गिधाड. विरोधकांची माहिती एकमेकांना पुरवायची आणि एका देशाच्या माणसांनी दुसऱ्या देशात जाऊन आपले ‘पाहिजे असलेले’ उचलायचे, असा हा मामला. प्रत्यार्पणाचा अर्ज नाही, न्यायाधीश नाही. जून १९७६ मध्ये ब्यूनस आयर्समधल्या निर्वासितांना मदत करणाऱ्या एका कॅथलिक संस्थेच्या कचेरीतून नोंदी चोरीला गेल्या आणि लगोलग निर्वासितांच्या मुक्कामांवर छापे पडले. मदतीसाठी ज्यांनी पत्ता लिहून दिला होता, त्यांचाच तो पत्ता घात करून गेला.

एनरिके रॉद्रिगेझ लारेता यांची कहाणी यात वेगळी आहे, कारण ते परत आले. हे उरुग्वेचे पत्रकार. त्यांचा त्याच नावाचा मुलगा १ जुलै १९७६ ला ब्यूनस आयर्समध्ये नाहीसा झाला. वडील नदी ओलांडून आले, बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. उत्तर ठरलेलं होतं: असा कोणी आमच्याकडे नाही. (आपल्याकडेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत या अर्जाचं दार बंद केलं होतं. पण त्या अर्जांतली माणसं निदान तुरुंगात आहेत हे सरकार कबूल करत होतं.) दोन आठवडे होतात न होतात तोच एका रात्री लारेता आणि त्यांची सून यांनाही उचललं. डोळे बांधून त्यांना फ्लोरेस्ता भागातल्या ‘ऑटोमोटोरेस ओर्लेत्ती’ नावाच्या जुन्या गॅरेजमध्ये नेलं. न्यायालयाला न सापडलेला मुलगा वडिलांना तिथे सापडला.

गॅरेज अर्जेंटिनाचं, पण छळ करणाऱ्यांत उरुग्वेचे लष्करी अधिकारीही होते. २४ जुलैला या कैद्यांना विमानात घालून गुपचूप माँटेव्हिडिओला आणलं. आता प्रश्न असा, की परदेशात बेपत्ता झालेली माणसं मायदेशी सापडली कशी हे जगाला सांगायचं काय? त्या उरुग्वेच्या अधिकाऱ्यांपैकी मेजर गावात्सोने तोड काढली: तुम्ही शस्त्रं घेऊन देशात घुसत होता असं कबूल करा. ऑक्टोबरात समुद्रकाठच्या एका बंगल्यात त्यांच्यापैकी काहींच्या ‘अटके’चं नाटक वठवून पत्रकारांना दाखवलं. डिसेंबरात लारेता सुटले. १९७७ मध्ये परदेशी पोचून त्यांनी सगळं लेखी सांगितलं, गॅरेजशेजारून जाणाऱ्या आगगाड्यांच्या आवाजासकट.

ही युक्ती चालली ती दोन देशांच्या मधल्या फटीमुळे. अर्जेंटिना म्हणे तो आमचा नागरिक नाही, उरुग्वे म्हणे तो आमच्या भूमीवर नाही. अर्ज सरहद्दीपाशी अडत, विमानं अडत नसत.

पुढे मात्र याच लपवाछपवीने गुन्हेगारांना गोत्यात आणलं. १९९९ मध्ये अर्जेंटिनात माफीचे कायदे लागू असताना नातेवाइकांच्या वकिलांनी मुद्दा मांडला: प्रेत मिळालेलं नाही, म्हणजे अपहरण अजून चालूच आहे, आणि चालू गुन्ह्याला जुनी माफी लागू होईल कशी? या वाटेने खटला उभा राहिला. २७ मे २०१६ ला ब्यूनस आयर्सच्या न्यायालयाने कॉन्डोर हा सरहद्दीपलीकडचा गुन्हेगारी कट होता असा निवाडा दिला. लष्करी राजवटीचा शेवटचा अध्यक्ष रेनाल्दो बिन्योने याला २० वर्षांची शिक्षा झाली.

रोममध्येही खटला चालला, कारण नाहीशा झालेल्यांत इटालियन वंशाचे नागरिक होते. ८ जुलै २०१९ ला २४ जणांना जन्मठेप झाली. त्यांतला इटलीत राहणारा आरोपी एकच, उरुग्वेच्या नौदलाचा माजी अधिकारी होर्हे ट्रोकोली. मायदेशी चौकशी सुरू होताच २००७ मध्ये तो इटालियन पारपत्रावर निसटला होता आणि उरुग्वेची प्रत्यार्पणाची मागणी फेटाळली गेली होती. जुलै २०२१ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली आणि पोलिसांनी त्याला इटलीतच अटक केली.