मड पंपाचा व्हॉल्व्ह : का झिजतो, कसा टिकतो

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, अरबी समुद्रात 'सागर सम्राट' या खोदाईच्या रिगने 1974 मध्ये मुंबई हाय या क्षेत्रातले तेल शोधले. रिग म्हटले की नजर जाते ती उंच मनोऱ्याकडे, म्हणजे डेरिककडे. पण विहिरीचा जीव असतो तो डेकवरच्या मड पंपात आणि त्या पंपाचा जीव असतो तळहाताएवढ्या सहा व्हॉल्व्हमध्ये.

खोदाई करताना ड्रिल पाइपमधून एक जड द्रव खाली सोडावा लागतो. रिगवर त्याला 'मड'च म्हणतात. तो खडक फोडणारा बिट थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि भूगर्भातल्या तेल-वायूचा दाब आपल्या वजनाने रोखून धरतो. मड थांबला की खोदाई थांबते. तो ढकलणारा पंप बहुधा ट्रिप्लेक्स असतो. त्यात तीन पिस्टन आणि प्रत्येकाला मड आत घेणारा एक सक्शन व बाहेर सोडणारा एक डिस्चार्ज असे दोन व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्हची बांधणी साधी असते : कडक केलेल्या पोलादाची तबकडी, कडेला पॉलियुरेथेनचे इन्सर्ट, वर स्प्रिंग आणि खाली निमुळत्या बैठकीत दाबून बसवलेली सीट.

या साध्या वस्तूचे काम मात्र भयंकर आहे. मिनिटाला 100 स्ट्रोक धरले, तर प्रत्येक व्हॉल्व्ह दिवसाला 1,44,000 वेळा उघडतो आणि मिटतो. व्हॉल्व्हचा व्यास 10 सेंटिमीटर आणि दाब 300 बार असेल, तर मिटलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर सुमारे 24 टन भार येतो. चांगले पोलाद हा भार पेलते. व्हॉल्व्हचा घात होतो तो मिटायला उशीर झाल्याने.

पिस्टन टोकाला पोचून क्षणभर थबकतो, नेमका त्याच क्षणी व्हॉल्व्ह सीटवर टेकायला हवा. पण खाली येताना त्याला आपल्याखालचा द्रव बाजूला सारावा लागतो आणि त्यात वेळ जातो. पंपशास्त्रात हा परिणाम वेस्टफाल यांच्या नावाने ओळखला जातो. पिस्टन हलवणारा क्रँक 10 अंश पुढे सरकण्याइतका उशीर झाला, तर 100 स्ट्रोकच्या वेगाला तो सेकंदाचा साठावा भाग भरतो. तेवढ्यात पिस्टन उलटा फिरलेला असतो, दाब चढतो आणि व्हॉल्व्ह सीटवर आपटतो. स्प्रिंग थकलेली असेल तर हा उशीर वाढतो. म्हणून जास्त कडक स्प्रिंग घालावी, तर सक्शन व्हॉल्व्ह उघडायलाच जास्त दाब लागतो आणि सिलिंडर पुरता भरत नाही.

दुसरा शत्रू वाळू. मडचे वजन वाढवायला घालतात तो बराइट मऊ असतो. खडकातून येणारी क्वार्ट्झची वाळू कठीण असते आणि खरी झीज तीच करते. एखादा कण व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये अडकला की बारीक फट राहते. 300 बारला अशा फटीतून निसटणाऱ्या पाण्याचा वेग गणिताने सेकंदाला सुमारे 245 मीटर, म्हणजे ताशी 880 किलोमीटर येतो. त्यात वाळू मिसळली की पोलादात चर पडू लागतो. रिगवरची माणसे म्हणतात, 'व्हॉल्व्ह वॉश झाला.'

याची पहिली खूण प्रेशर गेजवर दिसते. काटा थरथरतो, दाब हळूहळू उतरतो. ड्रिल पाइपला भोक पडले तरी दाब असाच उतरतो, म्हणून जाणता ड्रिलर पाइप बाहेर काढण्याआधी दुसरा पंप लावून बघतो. व्हॉल्व्हच्या कव्हरला लोखंडी दांडी टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला, तर गळक्या व्हॉल्व्हची शिट्टी वेगळी ओळखू येते.

काढलेला व्हॉल्व्ह भंगारात टाकण्याआधी उजेडात फिरवून बघावा. एकाच बाजूला खोल चर असेल, तर कण अडकला होता किंवा व्हॉल्व्ह तिरका बसत होता. सीटची कड ठेचून पसरली असेल, तर व्हॉल्व्ह उशिरा मिटत होता. बारीक खड्डे दिसले, तर सक्शनला द्रव अपुरा पडून बुडबुडे फुटण्याने झीज (कॅव्हिटेशन) झाली असण्याची शक्यता मोठी. इन्सर्टची कड फाटली असेल, तर बहुधा झिजलेल्या सीटवर नवा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. म्हणून दोन्ही जोडीने बदलणे हेच शेवटी स्वस्त पडते. सीट बसवताना निमुळती बैठक कोरडी आणि स्वच्छ हवी. तिथे ग्रीस किंवा ओरखडा राहिला, तर मड सीटच्या मागून वाट काढतो आणि मग पंपाचा मड वाहणारा भाग, फ्लुइड एंडच कापला जातो. त्यापुढे व्हॉल्व्हची किंमत काहीच नाही.

मात्र व्हॉल्व्हचे आयुष्य वाढवायचे, तर सुरुवात सक्शनपासून करावी लागते. सक्शनचा पाइप आखूड, रुंद आणि कमीत कमी वळणांचा हवा. दोन पिस्टनच्या जुन्या डुप्लेक्स पंपापेक्षा ट्रिप्लेक्स वेगाने चालतो, त्यामुळे त्याला मड पुरवायला चार्जिंग पंप लागतो. दाबाचे हेलकावे शमवणारा सक्शनचा डॅम्पनर चालू स्थितीत हवा. मड गाळणाऱ्या शेल शेकरच्या जाळ्या फाटलेल्या नकोत, वाळू आणि गाळ वेगळा करणारे डीसँडर आणि डीसिल्टर बंद ठेवलेले नकोत. शक्य असेल तिथे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती नळी, एक माप मोठी घालून स्ट्रोक कमी करावेत. मात्र मोठ्या लायनरला दाबाची मर्यादा खाली येते, ती आधी तपासावी.

डेअरीतला होमोजिनायझर असो की कारखान्यातला हायड्रोटेस्ट पंप, पिस्टन किंवा प्लंजर आणि आपोआप मिटणारे व्हॉल्व्ह जिथे आहेत, तिथे हेच गणित लागू पडते. तरीही अनेक ठिकाणी देखभाल म्हणजे व्हॉल्व्ह बदलणे, एवढाच अर्थ उरला आहे. देखभाल विभागातल्या प्रत्येकाला विनंती आहे : व्हॉल्व्ह कोणत्या सिलिंडरचा होता, किती तास चालला आणि कुठे झिजला, हे वहीत लिहा. खरेदीची चिठ्ठी त्यानंतर करा. कारण तोच व्हॉल्व्ह त्याच सिलिंडरमध्ये पुन्हा पुन्हा जात असेल, तर दोष व्हॉल्व्हचा नाही.