खुर्च्या वीस हजार, खोल्या सव्वादोनशे

पुरुष हॉकी विश्वचषकातला भारताचा सलामीचा सामना 13 जानेवारी 2023 रोजी स्पेनशी झाला, तो राउरकेल्यात. पेनल्टी कॉर्नरवर उडालेल्या गोंधळात चेंडू अमित रोहिदासच्या स्टिकवर आला आणि त्यानं तो गोलात धाडला. रोहिदास ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामारा गावचा, आणि राउरकेला हे त्याच जिल्ह्यातलं सर्वांत मोठं शहर. घरच्या पोरानं घरच्या मैदानावर, तेही विश्वचषकात, भारताचा पहिला गोल करावा, हा योग जुळवून आणता येत नाही. मैदान मात्र जुळवून आणावंच लागतं.

ते कसं आणलं, हे पाहण्यासारखं आहे. मध्यम आकाराच्या शहराला जागतिक स्पर्धा झेपते का, या प्रश्नाचं आपल्या देशातलं सर्वांत नेमकं उत्तर मला राउरकेल्यात दिसतं. 2011 च्या जनगणनेनुसार आसपासच्या वस्तीसह इथली लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. त्या शहरात 20,011 खुर्च्यांचं बिरसा मुंडा हॉकी स्टेडियम उभं राहिलं. सगळ्या प्रेक्षकांना बसायला खुर्ची असलेलं जगातलं सर्वांत मोठं हॉकी स्टेडियम म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. हिशेब केला तर साधारण 27 माणसांमागे एक खुर्ची पडते. मुंबईला हेच प्रमाण लावायचं तर किती वानखेडे बांधावी लागतील, ते वाचकांनीच मोजावं.

पायाभरणी फेब्रुवारी 2021 मध्ये झाली आणि उद्घाटन 5 जानेवारी 2023 ला, म्हणजे पहिल्या सामन्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे शेवटचा हात फिरायला शेवटचा दिवस उजाडला. पण खरी परीक्षा स्टेडियमची नव्हतीच. पैसा आणि कंत्राटदार असले की स्टेडियम होतं. अडचण असते ती सामना संपल्यावर खेळाडू झोपणार कुठे, ही.

स्पर्धेत 16 संघ होते, प्रत्येकात 18 खेळाडू आणि दोन राखीव. म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास खेळाडू. शिवाय प्रशिक्षक, फिजिओ, पंच, तांत्रिक अधिकारी आणि प्रक्षेपणाचा सगळा ताफा. सगळे एकाच वेळी एकाच गावात नसतात हे खरं, पण अर्धे आले तरी राउरकेल्यासारख्या पोलादनगरीत त्यांच्या दर्जाची हॉटेलं आणायची कुठून? म्हणून स्टेडियमच्या आवारातच 225 खोल्यांचं निवासग्राम बांधलं गेलं, तेही नऊ महिन्यांत. खेळाडूनं खोलीतून निघावं आणि चालत मैदानावर यावं, अशी सोय. मोठ्या शहरांत संघांच्या बसपुढे पोलिसांच्या गाड्या पळवाव्या लागतात. इथे तो प्रश्न मुळातूनच निकालात निघाला.

दुसरी अडचण विमानाची. राउरकेल्याचा विमानतळ पोलाद कारखान्याच्या मालकीचा, छोट्या विमानांपुरता. नियमित प्रवासी सेवा सुरू झाली ती स्पर्धेच्या तोंडावर, जानेवारी 2023 मध्ये, भुवनेश्वरपासून. मोठी विमानं उतरतील असा जवळचा विमानतळ झारसुगुड्याला, सुमारे शंभर किलोमीटरवर. स्पर्धेचं दुसरं यजमान शहर भुवनेश्वर तर रस्त्यानं तीनशे किलोमीटरहून लांब. संघांची ने-आण करायला खास विमानं ठेवावी लागली. दोन शहरांत स्पर्धा वाटून घेण्याचा हा खर्च कागदावर लहान दिसतो, प्रत्यक्षात वेळापत्रकाची ओढाताण करतो.

म्हणूनच आयोजकांनी शहाणपणा केला. एकूण 44 सामन्यांपैकी 24 भुवनेश्वरला आणि 20 राउरकेल्याला दिले. उपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंतचं सगळं राज्याच्या राजधानीत, भुवनेश्वरला ठेवलं, कारण 2018 चा विश्वचषक भरवून झालेलं कलिंग स्टेडियम तिथे तयार होतं. त्याआधी 2014 ची चॅम्पियन्स ट्रॉफीही तिथेच झाली होती. 2017 ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा रांचीनं हात वर केल्यावर भुवनेश्वरनं जेमतेम तीन महिन्यांच्या तयारीवर भरवली, आणि भारत पदकतालिकेत पहिला आला. शहर यजमान म्हणून असं पायरीपायरीनं घडतं. थेट शेवटच्या पायरीवर उडी मारणाऱ्यांचं काय होतं, ते पुढे येईलच.

स्पर्धेत भारताचं काही खरं नव्हतं. भुवनेश्वरला न्यूझीलंडनं शूटआउटमध्ये घरचा रस्ता दाखवला आणि संघ नवव्या क्रमांकासाठी खेळायला पुन्हा राउरकेल्याला गेला. तिथे जपानला 8-0 हरवलं. विश्वचषक नेला जर्मनीनं. हे वाचताना राउरकेल्याच्या जुन्या लोकांना गंमत वाटली असेल, कारण 1950 च्या दशकात इथला पोलाद कारखाना उभा राहिला तो पश्चिम जर्मनीच्या मदतीनं.

आता मुद्द्याचं. राउरकेला का जमलं? सरकारनं पैसा ओतला म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. ओडिशा सरकार 2018 पासून भारतीय हॉकी संघांचं प्रायोजक आहे, तेव्हा पैशाला तोटा नव्हता. पण सुंदरगडमध्ये हॉकी आधीपासून होती. इथल्या आदिवासी गावांत अजूनही अशा स्पर्धा होतात ज्यांत जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो. दिलीप तिर्की याच सौनामाराचा, भारताचा माजी कर्णधार आणि विश्वचषकाच्या वेळी हॉकी इंडियाचा अध्यक्ष. लाझारस बारला, इग्नेस तिर्की याच जिल्ह्यातले. राउरकेल्याच्या पानपोष क्रीडा वसतिगृहातून 1985 पासून मुलं घडत आली. स्टेडियम बांधताना जिल्ह्याच्या सतराही ब्लॉकमध्ये कृत्रिम टर्फची मैदानं घालायची योजनाही हाती घेतली गेली. मला विचाराल तर ही सतरा मैदानं वीस हजार खुर्च्यांपेक्षा मोलाची.

आणि स्टेडियम रिकामं पडलं नाही. विश्वचषक संपून दीड महिना होतो न होतो तोच, मार्च 2023 मध्ये, जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया प्रो लीगसाठी तिथे आले. हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली ती डिसेंबर 2024 मध्ये याच मैदानावर.

याच्या शेजारी झारखंडचं उदाहरण ठेवू. अनेक खेळांच्या 34 व्या राष्ट्रीय स्पर्धा रांचीला 2007 मध्ये व्हायच्या होत्या. पुढे ढकलत ढकलत त्या झाल्या फेब्रुवारी 2011 मध्ये, आणि खर्चातल्या गैरव्यवहाराचं चौकशीचं लचांड त्यानंतर दशकभर सुटलं नाही. पण त्याच रांचीनं 2023 मध्ये महिलांची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आणि जानेवारी 2024 मध्ये ऑलिम्पिक पात्रता स्पर्धा भरवली, दोन्ही हॉकीच्या, एकाच मैदानावर. शहर तेच, फरक खेळांच्या संख्येचा.

गोव्याचा अनुभवही असाच बोलका. राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं लांबल्या. 36 व्या स्पर्धा अखेर गुजरातकडे गेल्या आणि गोव्याला 37 व्या मिळाल्या, ऑक्टोबर-नोव्हेंबर 2023 मध्ये. महाराष्ट्रानं त्यात 80 सुवर्णांसह 228 पदकं घेतली, हे आपल्याला आठवतं. खेळ मात्र पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को असे विखुरले होते, आणि सायकलिंग व गोल्फ तर दिल्लीला पाठवावे लागले. याउलट मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर 2017 च्या 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, तेव्हा गोव्याला फुटबॉल शिकवायची गरज पडली नाही.

श्रीमंत देशांनाही हे गणित सुटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं 2026 ची राष्ट्रकुल स्पर्धा जीलाँग, बॅलरॅट, बेंडिगो अशा मध्यम शहरांत भरवायची ठरवलं. कल्पना गोड होती. सुरुवातीचा अंदाज 2.6 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा, जुलै 2023 मध्ये तो सहा ते सात अब्जांवर गेल्याचं सांगून सरकारनं स्पर्धाच सोडली. प्रत्येक गावात वेगळं खेळाडूग्राम, वेगळं मैदान, वेगळा बंदोबस्त. एकाच लग्नाचे पाच मांडव घातले तर दुसरं काय होणार? मग ग्लासगोनं स्पर्धा घेतली ती 10 खेळांची, चार ठिकाणी, खेळाडूंना आधीपासून असलेल्या निवासांत उतरवून. त्या छाटणीत हॉकी गेली, याचं भारताला दुःख होणं साहजिक आहे.

यावर कोणीतरी लिलेहामरचा दाखला देतंच. पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीच्या या नॉर्वेजियन गावानं 1994 ची हिवाळी ऑलिम्पिक भरवली, हे खरं. पण स्केटिंग शेजारच्या हामारनं आणि आइस हॉकीचे काही सामने योविकनं सांभाळले, आणि पाठीशी तेलवाल्या नॉर्वेची तिजोरी होती.

महाराष्ट्रात याचा अर्थ काय? विभागीय क्रीडा संकुलाची कोनशिला बसली की आंतरराष्ट्रीय दर्जाची भाषणं सुरू होतात, कोणत्या खेळाचा दर्जा हे मात्र कोणी सांगत नाही. साताऱ्याचं पाहा. 2023 मध्ये बर्लिनला तिरंदाजीत कम्पाउंड प्रकारात जगज्जेती झालेली अदिती स्वामी साताऱ्याची. त्याच स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण जिंकणारा ओजस देवतळे नागपूरचा, पण तयारी केली साताऱ्यात. ऑलिम्पिकपटू प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. तिरंदाजीला वीस हजार खुर्च्या लागत नाहीत. लागतं सपाट मैदान, सत्तर मीटरचं अंतर, मागे भक्कम आडोसा आणि तात्पुरते मांडता येणारे प्रेक्षकसज्जे. तिरंदाजी विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत रिकर्व्ह आणि कम्पाउंड मिळून 32 स्पर्धक असतात. 2022 आणि 2024 मध्ये ही स्पर्धा मेक्सिकोतल्या त्लाक्सकाला या छोट्या शहरात झाली, आणि 2024 मध्ये आपल्या दीपिका कुमारीनं तिथे रौप्य मिळवलं.

त्लाक्सकालाला जमतं तर साताऱ्यालाही जमेल. त्यासाठी साताऱ्यानं आधी राज्य स्पर्धा नीट भरवावी, मग राष्ट्रीय मागावी, आणि तोवर बहुखेळ स्पर्धेचं नावही काढू नये.